हेडटॉर्च कोणती घ्यावी: मित्रास पत्र

वर्तकनगर, ठाणे (प.)

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरात तू आणि वहिनी लेकीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनला जाणार आणि तिथे जावईबापूंच्या ऑफिसातली मंडळी तुला हरणांच्या शिकारीच्या मोसमात पहाटे आपल्याबरोबर जंगलात नेणार, हे वाचून मला मौज वाटली. बंदुका त्यांच्याकडे आणि तुझ्याकडे फक्त चहाचा थर्मास, हे तू दोनदा लिहिले आहेस. एकदा लिहिले असतेस तरी माझा विश्वास बसला असता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा विषय संपवला, म्हणून आपल्याला त्यात काही चोरटे असल्यासारखे वाटते. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या वेळेतच करायचा तो रीतसर व्यवहार आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेव. कपाळाला बांधायची टॉर्च कोणती घ्यावी, हा तुझा प्रश्न मात्र फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तू पाठवलेल्या जाहिरातीतली ‘वीस हजार लुमेन’वाली टॉर्च घेऊ नकोस. कपाळावर मावेल एवढ्याशा दिव्यातून आणि एका सेलवर एवढा उजेड निघणे शक्यच नाही, हा त्यातला खोटेपणा झाला. पण तो आकडा खरा असता तरी मी तुला नकोच म्हणालो असतो. हेडटॉर्च जास्तीत जास्त किती उजेड देते हे सगळेच विचारतात; तू ती कमीत कमी किती देते आणि त्या मंद उजेडापर्यंत किती सहज पोचता येते, हे पाहून निवड कर.

याचे कारण तुझ्या त्या चालण्यातच आहे. तिकडे बंदूक चालवण्याची मुभा सूर्योदयाच्या वेळेशी बांधलेली असते आणि उजाडण्याआधीच प्रत्येकाने झाडावरच्या मचाणावर किंवा आडोशाला जाऊन बसायचे असते, त्यामुळे गाडीपासून तिथवरची वाट मिट्ट काळोखात तुडवावी लागते. दिव्याचे काम तेवढ्यापुरतेच. रात्री झोत मारून हरणाला खिळवून ठेवायचे आणि गोळी घालायची, हा जुन्या जीपवाल्या शिकाऱ्यांचा प्रकार तिथेही गुन्हाच आहे. म्हणजे दूरवर काय आहे हे शोधायला तुला दिवा नको आहे. ओली पाने, आडवी पडलेली फांदी, थिजलेला चिखल आणि पुढच्या माणसाच्या टाचा दिसल्या की झाले. त्यासाठी तीस ते शंभर लुमेन पुरतात. वाट चुकल्यावर एखादी खूण शोधायला तीनशेपर्यंतची सोय असावी; त्यापुढचे सगळे खोक्यावर छापण्यासाठी असते, आणि छोट्या हेडटॉर्चमध्ये तो मोठा उजेड काही मिनिटेच टिकतो, कारण दिवा तापू लागला की आतले सर्किट आपोआप उजेड उतरवते.

खोक्यावरचे आकडे वाचण्याची एक रीत सांगतो. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, आणि कॅंडेला म्हणजे झोताच्या मध्याची तीव्रता. चांगल्या कंपन्या ‘एफएल वन’ या मानकाप्रमाणे मोजमाप देतात. त्यात झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो तिथवरचे अंतर असते. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटीव दुधाचा पेला सापडतो, पण त्यात पडलेली मुंगी दिसत नाही. खोक्यावरचे ‘शंभर मीटर’ त्या प्रतीचे असतात. शिवाय अंतर दुप्पट करायचे तर तीव्रता चौपट लागते, म्हणून या शर्यतीत सेल फार लवकर संपतो. ‘चाळीस तास चालते’ याचाही अर्थ नीट घे: सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचे ते तास असतात. काही टॉर्च शेवटपर्यंत उजेड एकसारखा राखतात आणि मग एकदम खाली येतात, काही पहिल्या तासापासूनच ओसरू लागतात; उजेडाचा आणि वेळेचा आलेख छापलेला असेल तर तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता मंद उजेडाकडे वळतो, कारण माझा सगळा भर त्यावर आहे. अंधाराला डोळा सरावायला अर्धा तास तरी लागतो, आणि आपल्या वयात त्याहून अधिक, कारण बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. पांढऱ्या प्रखर उजेडाचा एक फटकारा बसला की तो सगळा सराव वाया जातो. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्या लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून मंद लाल दिव्यात घड्याळ पाहिले किंवा थर्मासचे झाकण उघडले तरी डोळ्याचा सराव बराचसा टिकतो. हरणाच्या डोळ्याचे गणितही याच्याशी जुळते. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्याकडच्या आणि दुसरी हिरव्या-पिवळ्याकडच्या. लाल त्याला अंधूक, करडा दिसतो. तिथल्या शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती याच जोरावर चालते, कारण ते माणसाला लांबून दिसते आणि हरणाला फारसे खुपत नाही. (तुला बंदूक नसली तरी ते जाकीट तूही मागून घे आणि अंगावर ठेव, यात भिडस्तपणा करू नकोस.) उलट पांढऱ्या एलईडीचा उगम निळ्या प्रकाशातच असतो आणि निळा हरणाला चांगला दिसतो. जितका पांढरा रंग थंड, निळसर, तितका तो भाग जास्त. म्हणून सहा-साडेसहा हजार केल्विनपेक्षा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका रंग निळसर) चार-साडेचार हजारांकडचा, किंचित पिवळसर उजेड घे. वाळलेली पाने आणि माती यांतला फरकही त्यात अधिक कळतो.

हिरव्या दिव्याचाही खूप बोलबाला असतो. माणसाला हिरवा चांगला दिसतो हे खरे, पण हरणालाही तो दिसतो, तेव्हा तुला त्याचा उपयोग नाही.

लाल दिवा आहे म्हणून सगळी वाट लाल उजेडात चालण्याचे शौर्य मात्र करू नकोस. लाल उजेडात खोली कळत नाही, झाडाला बांधलेली लाल फीत दिसेनाशी होते आणि नकाशावरच्या तांबूस रेषा पुसल्यासारख्या होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जंगलात त्या पहाटे बंदुका घेतलेली आणखीही माणसे फिरत असतात, आणि हलणारा पांढरा दिवा म्हणजे माणूस, हे त्यांना लांबून कळले पाहिजे. मचाणापर्यंत मंद पांढरा आणि बसल्यावर लाल, असा क्रम ठेव. हरीण उजेडापेक्षा वासाने आणि हालचालीने आधी सावध होते, ही गोष्ट तुझे यजमान तुला सांगतीलच.

इथे बटणाचा प्रश्न येतो, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. पुष्कळ टॉर्चमध्ये एकच बटण असते आणि लाल उजेडापर्यंत पोचायला आधी सर्वांत प्रखर पांढरा, मग मधला, मग लुकलुकणारा, अशी प्रदक्षिणा घालावी लागते. म्हणजे ज्या डोळ्याला वाचवायचे त्याच्यावरच आधी हल्ला. लाल दिव्याला वेगळे बटण असलेली, किंवा बटण दाबून धरले की थेट लालवर जाणारी टॉर्च घे. मंद पांढराही पहिल्या दाबात यावा. बटण हातमोजा घालून चाचपले तरी सापडेल एवढे उंच असावे. शिवाय पिशवीत दाबले जाऊन टॉर्च आपोआप पेटू नये म्हणून तिला कुलूप घालण्याची सोय हवी. ती नसेल आणि सेलच्या टोपणाला आटे असतील, तर ते थोडे सैल करून ठेवले की बहुतेक वेळा काम भागते.

झोत कसा असावा, याबद्दल आमच्या ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातल्या अनुभवावरून लिहितो. उपवनच्या वर, पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला राहणारी माणसे अजून हातातच बॅटरी धरतात आणि तिचा झोत पुढच्या चार पावलांवर, जमिनीलगत टाकतात. त्यात शहाणपण आहे. दिवा कपाळावर असला की तो डोळ्याच्या रेषेतच येतो, दगडामागे पडणारी सावली दगडानेच झाकली जाते आणि सगळी जमीन सपाट दिसते. तोच दिवा कमरेशी धरला की प्रत्येक खड्ड्याला सावली फुटते. फुरसे दगडाच्या रंगाचे असते, तिथे ही सावलीच उपयोगी पडते. पावसाळ्यात तर पहिल्या सरीनंतर उठलेली पंखांची वाळवी कपाळावरच्या दिव्याकडे झेपावून थेट चष्म्यावर आणि तोंडात शिरते, आणि धुके उतरले की झोत त्याच्या थेंबांवरून परतून डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. अशा वेळी टॉर्च पट्ट्यासकट काढून मनगटाला गुंडाळावी आणि हात खाली सोडून चालावे. नोव्हेंबरच्या विस्कॉन्सिनमध्ये वाळवीचा त्रास नाही, धुके मात्र भेटू शकते. म्हणून दिव्याचा कोन पूर्ण खाली वाकणारा असावा आणि पसरट झोत असावाच; बारीक, लांब झोत जोडीला असला तर ठीक.

डोळ्याच्या रेषेत असण्याचा एक फायदाही सांगतो, नाहीतर तू हातातलीच बॅटरी घेशील. तिथले शिकारी आपल्या वाटेवरच्या झाडांना चमकणाऱ्या टाचण्या टोचून ठेवतात, आणि त्या टाचण्या उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून कपाळावरच्या मंद दिव्यातही त्या ठिणगीसारख्या उठून दिसतात. बिबट्याचे, हरणाचे किंवा उदमांजराचे डोळे अंधारात चकाकतात तेही याच न्यायाने. त्यांच्या डोळ्यातल्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, आपल्या डोळ्यात तो नसतो.

सेलच्या बाबतीत तुझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ‘अठरा-सहाशेपन्नास’ नावाचा, अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल, जो पुन्हा पुन्हा चार्ज होतो. दुसरा म्हणजे पेन्सिल सेलहून बारीक असे तीन ट्रिपल-ए सेल. पहिल्यात उजेड जास्त वेळ मिळतो, पण ऑनलाइन ‘९९०० एमएएच’ असे छापलेले जे सेल स्वस्तात येतात ते शुद्ध थाप असतात. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. थंडीत कोणताही सेल मंदावतो आणि अल्कलाइन सर्वांत आधी. ट्रिपल-ए वापरणार असशील तर एकदाच वापरायचे लिथियम सेल घे, ते कडाक्यात टिकतात. मात्र टॉर्चच्या पत्रकात त्यांना परवानगी आहे ना, ते पाहा. जादा सेल जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेव. विमानात लिथियमचे सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. प्लॅस्टिकच्या डबीत घालून हातातल्या सामानात ने. मला विचारशील तर तू दोन्ही प्रकारचे सेल घेणारी टॉर्च शोध, कारण लेकीच्या घरी चार्ज करायला विसरलास तरी तिथल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात ट्रिपल-ए मिळून जातील.

पाण्याचे फार मनावर घेऊ नकोस. ‘आयपीएक्स चार’ म्हणजे चहूकडून उडणारे पाणी सोसते, ‘सात’ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. तुला चार पुरे, आपल्याकडच्या जुलैत वापरायची असेल तर सात बरे. वजन सेलसकट शंभर ग्रॅमच्या आसपास असावे. सेलचा डबा डोक्यामागे असणारी टॉर्च समतोल बसते, पण खुर्चीत मान टेकली की टोचते, आणि मचाणावर तुला बराच वेळ टेकूनच बसायचे आहे.

तुझ्या बायफोकल (जवळचा-लांबचा असे दोन नंबर असलेल्या) चष्म्याचे काय करायचे ते मात्र आधीच ठरव. त्याच्या खालच्या भागातून पावलापुढची जमीन धूसर दिसते आणि उजेड वाढवून ती स्पष्ट होत नाही. चालण्यापुरता फक्त लांबचा नंबर असलेला साधा चष्मा करून घे. कानटोपीवर पट्टा बसतो का तेही पाहा. पुढे छज्जा असलेली टोपी घातलीस तर दिवा छज्जाच्या वर येऊ देऊ नकोस, नाहीतर छज्जाची सावली नेमकी पावलापुढे पडते.

घेतल्यावर लगेच नेरुळहून पहाटे निघून पारसिकच्या टेकडीच्या रस्त्याला एक फेरी मार, आणि घामाने पट्टा घसरतो का, चष्म्याच्या काचेवर आतून उजेड उमटतो का, शेजाऱ्याशी बोलताना मान वळवून तू त्याचे डोळे दिपवतोस का, एवढे पाहून ठेव. शेवटच्या गोष्टीची सवय इथेच लाव. तिकडे पहाटे चारजण घोळक्याने उभे असताना सर्वांच्या शिव्या खायच्या नसतील तर बोलण्याआधी हात कपाळाकडे जाऊन दिवा खाली वळला पाहिजे. दोन-चार हजार रुपयांत हे सगळे असलेली टॉर्च मिळते. दोन नावे ठरवलीस की दोन्हींचे आलेख मला पाठव आणि दिवाळीच्या आत घे, म्हणजे काही खोट निघाली तर बदलून घ्यायला वेळ राहील.

वहिनींना नमस्कार सांग आणि लेकीला आशीर्वाद.

तुझा,
ठाण्याचा मित्र