टोइंगचे किलोमीटर आधी विचारा

संपादक महोदय,

विम्याचे नूतनीकरण करताना एजंट म्हणतो, ‘काका, टोइंग फ्री आहे, निर्धास्त राहा.’ बंद गाडी किती किलोमीटरपर्यंत ओढून नेणार, ते मात्र गुलदस्त्यात! गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात माझी ऑटोमॅटिक गाडी बंद पडली. आलेला माणूस पुढची चाके रस्त्यावरच ठेवून मागून उचलायला निघाला. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशी ओढली की गिअरबॉक्सची वाट लागते. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागितला, तर जादा पैसे. साताऱ्यापर्यंतच्या उरलेल्या अंतराचे आणखी वेगळे.

खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत (आपल्या गाडीचे आणि दुसऱ्याचे, दोन्ही नुकसानांचा विमा) ओढून नेण्याचा खर्च १५०० रुपयांपर्यंतच मिळतो, तोही अपघात झाला तर. नुसत्या बिघाडासाठी वेगळे कव्हर लागते. ते घेताना हप्त्यापेक्षा किलोमीटर, वर्षातून किती वेळा आणि फ्लॅटबेड येणार का, हे पाहावे. इलेक्ट्रिक गाडीला तर फ्लॅटबेडच हवा. शहराबाहेर न जाणाऱ्याने जास्त किलोमीटरचे कव्हर कशाला घ्यावे?

विमा कंपन्यांनी हे तपशील पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक छापावेत. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा १०३३ हा क्रमांकही तिथेच द्यावा.

– एक वाचक, सातारा