दिवे हवेत, पण खाली तोंड असलेले

रामटेक तालुक्यातील गावांत चौकाचौकांत हायमास्ट दिवे लावणार असल्याची बातमी वाचली. शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्री येते, ओलिताला जाणाऱ्याला वाटेत उजेड हवाच. आक्षेप आहे तो आभाळाकडे फेकल्या जाणाऱ्या उजेडाला. याच भागातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे काळे आभाळ जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. आभाळाचे फोटो काढणाऱ्यांना असा अंधार का लागतो ते पाहा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) ठरावीक रंगच आत सोडणारा फिल्टर कॅमेऱ्याला लावून शहरातूनही टिपता येतो, कारण तो हायड्रोजनच्या ठरावीक लाल रंगात चमकतो. कृत्तिका तारकापुंजाभोवतीची धूळ मात्र ताऱ्यांचाच, अनेक रंगांचा प्रकाश परावर्तित करते. तिथे फिल्टरची मात्रा चालत नाही. तासन्‌तास घेतलेल्या फ्रेम (फोटो) एकावर एक रचाव्या लागतात, आणि आभाळ काळेकुट्टच लागते. निविदा काढण्यापूर्वी ग्रामपंचायतींनी पिवळसर, वरून झाकलेल्या दिव्यांची अट घालावी.

– एक वाचक, देवलापार (जि. नागपूर)