आजीच्या डब्यातले चौदा रुपये

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच "जेवलीस का?" विचारते, म्हणून लिहूनच कळवते.

गणपतीत नेलेला आजीचा जुन्या चांदीच्या रुपयांचा पितळी डबा माझ्याकडे सुखरूप आहे. बाबा, ते रुपये विकायला सराफाला अजून होकार देऊ नका. "एक रुपया म्हणजे एक तोळा" हा त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो जुना तोळा. राणी छाप (व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या) रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम आणि ते धरतायत आजचा 10 ग्रॅमचा तोळा. म्हणजे नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त गेलं! आजी 'रुपयाभार' म्हणायची ते याच रुपयावरून. चांदी 91.7 टक्के, म्हणजे बाकीचा धातू वगळूनही एका न झिजलेल्या नाण्यात साडेदहा ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी निघते. 1944 आणि 1945 चे दोन मात्र निम्म्याच चांदीचे. 1940 पासून, युद्धामुळे, सरकारने चांदी कमी केली होती.

बाबांना ज्याची आशा होती तो 1939 चा रुपया खरा असता तर मजा होती. तो फार दुर्मिळ, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. आपला भरला 9.8 ग्रॅम. फरशीवर टाकला तर बद्द वाजला, बाकीचे खणखणतात. काय करणार!

पण एक गंमत सापडली. पंचम जॉर्जच्या सहा रुपयांत एक 1911 चा आहे. भिंगातून बघा: राजाच्या झग्यावर हारात एक हत्ती आहे, पण सोंड आखूड आणि पाय बुटके, त्यामुळे तो डुक्कर वाटतो. लोकांत ओरड झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड नीट काढून नवे पाडले. आपला हत्ती मात्र अजून डुक्करच आहे. हा वजनावर द्यायचा नाही, संग्राहकाला दाखवू.

आई, आता तुझ्यासाठी. रागावू नकोस. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून तू आणि त्याआधी आजीने नाणी लखलखीत केलीत, त्यात 1862 च्या राणीचे केस आणि नाक दोन्ही गेले. सातवा एडवर्ड आधीच टकला, त्याचे कानही पुसट झालेत. घासलेल्या नाण्याला हौशी माणूस चांदीपलीकडे फारसे पैसे देत नाही. काळपटपणाच त्याला हवा असतो. यंदा नुसतं कोरड्या मऊ फडक्याने पूस, आणि हळदकुंकू नाण्यावर न वाहता शेजारच्या विड्याच्या पानावर वाहा.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबा घेऊन येते. तो 1939 चा तोतयाही आणते, इतकी वर्षं पाटावर बसलाय, आता उठवायचा कसा?

तुमची,
चिमी