प्रश्न उतरवायलाच हवेत का?

संपादक महोदय,

माझा नातू पाचवीत आहे. ‘वही अपूर्ण, पालकांनी लक्ष द्यावे’ हा लाल शाईतला शेरा आठवड्यातून दोनदा तरी येतो. पालक म्हणजे मीच, कारण सून आणि मुलगा रात्री आठला घरी येतात. नातवाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. मी तीस वर्षं पोस्टमन होतो, कसलंही अक्षर लावायची सवय. पण याची वही मला लागेना. वेलांट्या सुटलेल्या, मात्रा भलत्याच अक्षरावर, शिरोरेषा अर्ध्या ओळीत थांबलेली.

आधी मी आमच्या गुरुजींचाच उपाय केला, रोज एक पान शुद्धलेखन. महिनाभरात अक्षर होतं तसंच राहिलं आणि वही दिसली की पोराच्या पोटात दुखू लागलं.

मग ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आला. तासाभरात दीड ओळ. वैतागून म्हटलं, लिहू नकोस, मला सांग. घरभर फेऱ्या मारत त्याने गटारात वाहून गेलेली चप्पल, तिच्यामागे धावलेलं कुत्रं, ओरडणारी शेजारची काकू, सगळं धडाधड सांगितलं. आता तो सांगतो आणि मी जुन्या लग्नपत्रिकांच्या तुकड्यांवर एकेक शब्द लिहितो. ते तुकडे तो क्रमाने लावतो, एका तुकड्याची दोन वाक्यं करतो. दोन तुकडे झाले की अंगणात एक चक्कर. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. दिवाळीनंतर पहिला निबंध पुरा झाला, अकरा ओळी!

शाळेत मात्र गाडी अडते. फळ्याकडे बघायचं, चार शब्द ध्यानात धरायचे, खाली बघून ओळ शोधायची. तोवर तिसरा शब्द निसटलेला. त्यात पुस्तकात छापलेले प्रश्नही उतरवायचे. उत्तरापर्यंत येईतो तास संपतो.

मुख्याध्यापक म्हणाले, “आजोबा, दिव्यांगत्वाचा दाखला आणा, सवलत देतो.” २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. काही मुलांना दोन्ही असतं, त्यांना दाखल्याची वाट तरी आहे. नुसतं एडीएचडी असलेल्यांनी काय करायचं? आणि मी कुठे लेखनिक मागतोय? प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहू द्या. पहिल्या बाकावर बसवा. फळ्यावरचं राहिलं तर मित्राच्या वहीचा फोटो चालवून घ्या. मधल्या सुट्टीत डांबून वही पुरी करून घेऊ नका, त्या धावण्यावरच तो पुढचे तास बसतो. याला सिव्हिल सर्जनची सही कशाला?

वर्गशिक्षिकेने गेल्या सोमवारपासून प्रश्न उतरवण्याची सूट स्वतःहून दिली आहे. मुख्याध्यापकांना हे अजून ठाऊक नाही, म्हणून कृपया माझं नाव छापू नये.

– एक आजोबा, सातारा