त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही काय माहीत, तुमच्याकडे रोज इतक्या बायका येतात. पण "घरी बाळंत झालेली, वार अडकलेली" म्हटलं की कदाचित आठवेल (वार म्हणजे प्लॅसेंटा, पोटात बाळाला पोसणारी, नाळेला जोडलेली असते ती). तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, हॉस्पिटलचंही नाही, कारण त्या रात्री तिथे बाकीचेही लोक होते आणि मला कुणाची चव्हाट्यावर धुलाई करायची नाहीये. आभार मानायचेत, आणि ते सगळ्यांना वाचता येतील असे मानायचेत.

जीव वाचवलात त्याबद्दल तर आहेतच, ते काय शब्दात सांगणार. पण खरं सांगू का, घरी आल्यापासून माझ्या डोक्यात सारखं येतंय ते वेगळंच. तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात ते. तुमच्या आधी जे जे भेटले, गेटवरच्या माणसापासून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांपर्यंत, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "घरी कशाला केलंत?" आणि तुम्ही आलात, माझ्या पोटावर हात ठेवलात आणि विचारलंत, "बाळ किती वाजता झालं?"

बस, एवढंच. तेव्हा त्यात काय मोठं असं कुणालाही वाटेल, मलाही तेव्हा फक्त बरं वाटलं होतं, कुणीतरी ओरडत नाहीये म्हणून. त्या प्रश्नाचं वजन नंतर कळलं. वार बाहेर आलेली नसली की गर्भाशय नीट आकसत नाही, आणि ते आकसलं नाही तर वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, आणि दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं म्हणे. म्हणजे नळ उघडा. गर्भाशय आकसायचं इंजेक्शन दिलेलं असेल तर अर्ध्या तासात वार यायला हवी, काहीच न देता वाट बघत असतील तर एक तास, त्यापुढे गेलं की उशीर धरतात. आणि ते रक्तस्राव कमी करणारं औषध, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, जे तुम्ही सलाईनच्या सुईतून हळूहळू दिलंत, ते बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगी, २०१७ मध्ये वीस हजार बायकांवरचा मोठा अभ्यास आला त्यात हे स्पष्ट झालं, त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणजे "किती वाजता" या प्रश्नावर सगळं उभं होतं. "कशाला" च्या उत्तराने एक थेंबही थांबला नसता.

आता तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. कॅज्युअल्टीत नवऱ्याला जेव्हा दरडावून विचारलं की "इतका वेळ काय करत होतात घरी?" तेव्हा तो म्हणाला, "आत्ताच झालंय, लगेच निघालो." तसं नव्हतं. तो खोटारडा माणूस नाहीये, पण समोरचा हात उगारल्यासारखा बोलायला लागला की माणूस आधी स्वतःला वाचवतो, वेळ दहा-वीस मिनिटं इकडची तिकडे सरकते, आणि तीच चुकीची वेळ कागदावर जाते. तुम्ही तोच प्रश्न साध्या आवाजात विचारलात आणि त्याने खरी वेळ सांगितली. तुम्ही त्याच्याकडे वर मान करून बघितलंही नाहीत, फक्त आधीचा आकडा खोडून नवा लिहिलात. त्यासाठी तो तुमचा आयुष्यभराचा भक्त झालाय (मला जरा जास्तच होतंय ते आता).

आणि आमच्या मिडवाईफ ताई, म्हणजे घरचं बाळंतपण करणाऱ्या शिकलेल्या सुईण. त्यांना दारातच अडवलं होतं, "तुम्ही बाहेर थांबा, तुमचं काम झालं." तेही ज्या टोनमध्ये म्हटलं तो टोन मी स्ट्रेचरवरून ऐकला. आता गंमत बघा, माझी सगळी माहिती त्यांच्या हातातल्या वहीत होती. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बाळाचे ठोके दर वेळी किती, गर्भाशय आकसायचं ते ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मांडीत किती वाजता दिलं, लघवी नळीने काढली ती कधी, कारण मूत्राशय भरलेलं असलं तरी गर्भाशय आकसायला अडतं. भिजलेले पॅडसुद्धा त्यांनी वजन करून लिहून ठेवले होते, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त या हिशोबाने, आणि तो आकडा पाचशेच्या वर गेल्यावर ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. हे सगळं दाराबाहेर उभं आणि आत मला एक नवीन डॉक्टर मुलगा विचारतोय "अंदाजे किती गेलं असेल ब्लड?" मला काय सांगता येणार, मला छत गोल फिरताना दिसत होतं.

तुम्ही विचारलंत, सोबत कोण होतं, त्यांना आत बोलवा. वही घेतलीत, वाचलीत, एक-दोन गोष्टी त्यांना उलट विचारल्यात, जशा तुम्ही दुसऱ्या डॉक्टरला विचाराल तशा, आणि मला ऑपरेशन थिएटरकडे नेलंत. पाठीतलं इंजेक्शन देऊन वार हाताने काढली. भूल उतरेपर्यंत बाळ नवऱ्याकडे आणि ताई बाहेर बाकावर, आणि त्यांना कुणीतरी पाणी नेऊन दिलं, ते पण तुम्हीच सांगितलेलं हे नंतर कळलं.

मी पुढे जायच्या आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना वाटायला नको की आम्ही हवेत उडणारे लोक आहोत. हे माझं दुसरं बाळंतपण. पहिलं हॉस्पिटलमध्येच झालं, वैद्यकीय दृष्टीने एकदम व्यवस्थित, पण तिथे मला जे बोलले, मी ओरडले म्हणून मारलेली चापट, न विचारता केलेल्या तपासण्या, टाके घालताना "आता का रडतेस" वगैरे, ते माझ्या अंगातून गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये बाळंतपणातल्या अशा अपमानास्पद वागणुकीवर जाहीर निवेदन काढलं, म्हणजे हे काही माझ्या एकटीचं नाजूकपण नाही. म्हणून दुसऱ्या वेळी घर ठरवलं, शिकलेली मिडवाईफ, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, ॲम्ब्युलन्स कुठून यायची ते ठरलेलं, सगळं.

आणि एका डॉक्टरांकडे आम्ही नववा महिना लागायच्या आधी गेलोही होतो, प्रामाणिकपणे सांगितलं की घरी करणार आहोत, काही झालं तर तुमच्याकडे येऊ का, आधी नाव नोंदवून ठेवतो. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाले, मग माझ्याकडे यायचंच नाही. मला त्यांचा रागही पूर्ण येत नाही खरं. उद्या काही वाकडं झालं तर नातेवाईक त्यांच्या दारात उभे राहणार, कोर्टात त्यांचं नाव येणार, आणि त्यांनी मात्र कळा पाहिलेल्याच नसणार. भीती खरी आहे. हंगेरीत आग्नेस गेरेब नावाच्या डॉक्टर होत्या, घरी बाळंतपणं करायच्या, त्यांना २०१० मध्ये अटक झाली, आणि त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एका हंगेरियन बाईच्या खटल्यात म्हटलं की कुठे बाळंत व्हायचं हे ठरवणं तिच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे आणि कायदा असा धूसर ठेवू नका की मदत करणारा डोक्यावर टांगती तलवार घेऊन फिरेल. म्हणजे नियम नीट नसले की डॉक्टर चिडतात, हे मला समजतं. पण फाईल मिटल्याने मी काही हॉस्पिटलला जायचं ठरवलं नाही ना. फक्त माझी माहिती आधीपासून कुणाकडेच राहिली नाही.

असो. आता तुमचं दुसऱ्या दिवशीचं बोलणं, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत, कारण तेव्हा तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात की मला विचारलं असतं तर मी हॉस्पिटलच सांगितलं असतं. मी थोडी ताठ झाले. मग तुम्ही कारण दिलंत, की रक्तस्राव कुणाला होणार ते आधी ओळखता येतंच असं नाही, काहीही धोका नसलेल्या बाईलाही होतो, आणि तेव्हा रस्त्यातला वेळ हा खरा वेळ असतो. मी इंग्लंडचा २०११ चा बर्थप्लेस अभ्यास काढला (हो, बेडवर, सलाईन लावून, मी अशीच आहे), की धोका कमी असलेल्या बायकांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात घर आणि हॉस्पिटल यात बाळाच्या दृष्टीने विशेष फरक दिसला नाही. तुम्ही म्हणालात बरोबर, पण त्याच अभ्यासात पहिलटकरणींचं काय ते पण सांगा. ते मला माहीत होतं, हॉस्पिटलमध्ये हजारी ५.३ तर घरी ९.३, म्हणजे बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण पहिल्या वेळी घरी जास्त, आणि त्यातल्या ४५ टक्के बायकांना मध्येच हॉस्पिटलला हलवावं लागलं, दुसऱ्या वेळच्यांमध्ये १२ टक्के. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी नवऱ्याला दहा वेळा सांगितलंय, की तिथे हलवताना मिडवाईफ बाईसोबत आत येते, वही सोबत येते, कुणी दारात अडवत नाही, तो अभ्यास त्या व्यवस्थेचा आहे, नुसता घराचा नाही.

हे कुणी आधी का नाही बोललं माझ्याशी? अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना २०१७ च्या मतपत्रात हेच म्हणते, आमच्या मते हॉस्पिटल किंवा मान्यताप्राप्त बर्थ सेंटर सुरक्षित, पण नीट माहिती घेऊन निर्णय करायचा हक्क बाईचा. जुळं असेल, बाळ आडवं-पायाळू असेल, आधी सिझर झालेलं असेल तर घरी नकोच हे ते ठाम सांगतात. म्हणजे विरोध करूनही बोलता येतं. मला आधीच्या बारा जणांकडून फक्त विरोध मिळाला, बोलणं नाही.

आणि तुम्ही एक कबूल केलंत की "घरी नीट झालेलं एकही बाळंतपण मी पाहिलेलं नाही, कसं पाहणार, ते इथे येतंच नाही." हे ऐकून मला एकदम लख्ख कळलं तुमचे बाकीचे सहकारी असे का वागतात. त्यांच्यापुढे घरचं बाळंतपण येतं तेच रक्ताने माखलेलं, रात्री, घाईत, कागद नसलेलं. त्यांच्यासाठी शंभर टक्के घरची बाळंतपणं बिघडलेलीच असतात. पण आमच्या बाजूलाही तेच आहे हं, आम्हा घरी-करणाऱ्यांच्या गप्पांमध्ये मंद दिवे आणि कोमट पाण्याचा टब एवढंच असतं, ज्यांचं बिघडलं त्या गप्प बसतात किंवा निघून जातात. दोघांनाही अर्धंच दिसतं आणि दोघंही पूर्ण खात्रीने बोलतात.

लहान मुलांच्या डॉक्टरांचं पण सांगायचं राहिलं. ते बाळाला बघायला आले आणि माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाले, "यांना विचारा लस तरी देणार आहेत की तेही नैसर्गिक?" मॅडम, माझ्या मोठ्या मुलाचं लसीचं कार्ड पूर्ण भरलेलं आहे. बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात ते व्हिटॅमिन के चं इंजेक्शन जन्मल्यावर तासाभरात दिलेलं होतं, वहीत होतं तेही. घरी बाळंत झाली म्हणजे लस नको, औषध नको, विज्ञान नको, असा पूर्ण सेट माझ्या गळ्यात घातला त्यांनी एका वाक्यात. तुम्ही फक्त वही त्यांच्यापुढे धरलीत, ते पान उघडून. त्यांनी वाचलं, मान हलवली, बाळाला तपासलं, आणि जाताना मला म्हणाले बाळ छान आहे. तेवढंही पुष्कळ होतं.

पुढच्या वेळेबद्दल तुम्ही जे सांगितलंत तेही मी मान्य केलंय. वार हाताने काढावी लागली, एवढा रक्तस्राव झाला, म्हणजे पुन्हा तसं व्हायची शक्यता वाढते, इंग्लंडमधल्या नियमावलीतही अशा बाईला हॉस्पिटलच सुचवतात. तिसरं होणार नाहीये पण झालंच तर हॉस्पिटल, आणि तुमची ड्युटी असेल तेव्हा कळा आल्या तर बरं.

बाकी तब्येत ठीक आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पोटाची वाट लागते त्याने पण चालू आहेत. जिना चढताना अजून धाप लागते, तुम्ही म्हणाला होतात तशी. बाळ रात्रभर जागं.

एक काम आहे. आमच्या मिडवाईफ ताईंना तुमच्याशी बसून बोलायचंय, घरून हॉस्पिटलला हलवताना कुठली कुठली माहिती एका पानावर असावी आणि फोन आधी कुणाला करावा, त्याचा एक साधा फॉर्म करायचाय त्यांना. त्यांनी कच्चा तयार केलाय, तुमच्या त्या रात्रीच्या प्रश्नांवरूनच, सगळ्यात वर "जन्माची वेळ" असं मोठ्या चौकटीत. तुम्हाला वेळ कधी असतो ते कळवा, सोमवार सोडून कुठलाही दिवस त्यांना चालेल. मी पण येईन, बाळाला घेऊन.

तुमची,
वार अडकलेली