बाबांची एसटी आणि माझा टायमर

बर्कली,
रविवार, रात्री

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या नेटवर्कच्या वर्गात शिकवतात तरी काय?" आणि मी "कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचे नियम" असं सांगून मोकळी झाले. ते उत्तर तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

फाइल एका दमात जात नाही. तिचे तुकडे करतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट मिळालं की पलीकडून पोच येते. पोच आली नाही तर ते हरवलं असं धरून पुन्हा पाठवायचं. इथवर सोपं आहे. अडतं ते पुढे: पोच यायची वाट किती वेळ बघायची?

या महिन्यात आम्हाला असा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायच्या नियमांचा संच, स्वतः लिहायचा होता. वाट बघण्याची वेळ मोजतो तो टायमर. त्यासाठी मी सरळ २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, ठरवून टाकले. खोलीवर छान चाललं. वर्गात सगळ्यांचे प्रोग्रॅम एकाच चिंचोळ्या वाटेवर सोडले, तशी रांग लागली आणि पोच यायला अर्धा सेकंद लागू लागला. माझा प्रोग्रॅम एकेक पॅकेट दोनदा, तीनदा पाठवत सुटला. काहीच हरवलं नव्हतं गं, सगळं रांगेत उभं होतं. माझ्या घाईने रांग आणखी वाढली आणि बाकीच्यांच्या फायलीही अडकल्या. फार वाईट वाटलं.

हेच ऑक्टोबर १९८६ मध्ये खऱ्या इंटरनेटवर झालं होतं, तेही इथेच. टेकडीवरची लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि खाली आमचं विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड. त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. एका अक्षराला ८ बिट धर, म्हणजे सेकंदाला ५ अक्षरं! तार शाबूत होती. गर्दी झाली की यंत्रं तेच तेच पुन्हा पाठवत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी ते शोधून काढलं, आणि जेकबसन यांचा त्यावरचा लेख १९८८ मध्ये आला. तो मी काल दोनदा वाचला, आणि वाचताना सारखी तू डोळ्यांसमोर येत होतीस.

बाबा पाचगणीला नोकरीला होते तेव्हाचं आठवतं? उन्हाळ्यात एसटी वेळेवर यायची, सातच्या आत बाबा घरात. सव्वासात झाले की तू हातातलं काम टाकून दारात. पावसाळ्यात मात्र पसरणी घाटात धुकं, मध्येच दरड. गाडी कधी सातला, कधी साडेआठला. तेव्हा आठ वाजले तरी तू शांतपणे भाकरी थापत असायचीस. रोजचा उशीर किती आणि तो किती खालीवर होतो, दोन्ही तुझ्या हिशोबात असायचं. जेकबसन यांनी टायमरला हेच शिकवलं. आज वापरतात तो नियम असा: पोच यायला लागणाऱ्या वेळाची सरासरी, अधिक चढउताराची चौपट. नव्या पोचेला सरासरीत एक अष्टमांश वजन, म्हणजे एका दिवसाच्या उशिराने घाबरायचं नाही.

त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. सुरुवातीला एकच पॅकेट पाठवायचं, मग दोन, मग चार. वाटेत काही हरवलं तर गर्दी आहे असं समजून आपला हात आखडायचा. सगळ्यांना आवरायला मध्ये कोणी पोलीस उभा नाही. प्रत्येक यंत्र आपणहून मागे सरतं, आणि म्हणून सगळ्यांचं चालतं. हे कुणाला तरी सुचलं आणि जगभरच्या यंत्रांनी ते मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज संध्याकाळी टेकडीच्या रस्त्याने थोडं वर चढून गेले होते. खाली विद्यापीठाचा घंटाघर-मनोरा अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होता. तिथे बराच वेळ उभी होते.

टायमर नव्याने लिहिलाय. गुरुवारी पुन्हा सगळ्यांचे प्रोग्रॅम एकत्र सोडणार आहेत. ते झालं की फोन करते, तुझ्याकडे शुक्रवारची सकाळ असेल. बाबांना हे पत्र वाचून दाखव, आणि गुडघ्याचं तेल नियमित लावायला सांग.

तुझी,
लेक