आई-बाबा, सांगलीची जागा मी घेत नाही

वास्को, गोवा
30 डिसेंबर 2024

ती. बाबा आणि ती. आई,
प्रभूमध्ये सलाम.

फराळाचं पार्सल पोचलं. करंज्यांचा भुगा झाला होता, पोरांनी तो चमच्याने खाल्ला. लोकरीच्या टोप्या सगळ्या बोटींवर गेल्या, त्याचं पुढे लिहितो. आधी ज्यासाठी कागद पुढे ओढला ते.

बाबा, सांगलीची पाळकाची जागा मी घेत नाही. तसं कळवूनही टाकलंय. फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी पोरांच्या परीक्षेवर घसरलो, कारण फोनवर आपलं कधी होत नाही. मी काही सांगायला लागलो की तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर, राहायला घर, पोरांना तुमचा सहवास, आणि तुम्हा दोघांचं वय. सगळं तराजूत घालून पाहिलं, तरी नाही म्हटलं. रागावाल. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही दर डिसेंबरात मिशनला अहवाल लिहायचात. कार्बन घालून दोन प्रती, आणि बेरजा तपासायला मला बसवायचात. संडेस्कूलची हजेरी, गावभेटी, विकली गेलेली शुभवर्तमानं, बाप्तिस्मे. बंदरातल्या खलाशांमधलं माझं काम तुमच्या गळी उतरत नाही ते त्या रकान्यांमुळे, असं मला कधीकधी वाटतं. यंदा मी काय लिहू? बाप्तिस्मा एकही नाही. सिमकार्डं पुष्कळ. ही म्हणते, तुमचं शुभवर्तमान हल्ली नॅनो साइझमध्ये कापून मिळतं.

गंमत नाही, खरंच तसं आहे. मुरगाव बंदरात कोळशाची नाहीतर खनिजाची बोट लागली की मी शिडी चढतो, वर रजिस्टरात सही करतो, ड्यूटीवरचा पोरगा हेल्मेट देतो आणि मेसमध्ये नेऊन बसवतो. महिनोन् महिने पाण्यावर असलेली माणसं. त्यांना आधी घरी बोलायचं असतं. मग डॉलर कुठे बदलून मिळतील ते हवं असतं. मग कुणाची दाढ दुखत असते. मग बाकीचे उठून गेले की एखादा मागे रेंगाळतो, भांडी विसळल्यासारखं करतो आणि विचारतो, "पास्टर, पाच मिनिटं आहेत?" त्या पाच मिनिटांसाठी मी इथे आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरपासून त्या पाच मिनिटांतला विषय एकच: तांबडा समुद्र. 19 नोव्हेंबर 2023 ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' ही मालबोट ताब्यात घेतली, तिची पंचवीस माणसं आज, हे लिहितोय तेव्हाही सुटलेली नाहीत. यंदा 6 मार्चला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र आदळलं, तीन जण गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. वाचलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने उचललं. टीव्हीवर ती एका ओळीची बातमी होती. इथल्या मेसमध्ये लोकांना त्या माणसांची गावं माहीत होती.

पुष्कळ कंपन्या आता सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालतात, फेरी दहा-बारा दिवसांनी लांबते, खर्च वाढतो. ज्यांना तो परवडत नाही त्या अजूनही बाब-अल-मंदबमधून, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीतून जातात. खलाशांच्या संघटना आणि मालक यांच्यातल्या करारानुसार तो पट्टा युद्धक्षेत्र धरलेला आहे: तिथे असेपर्यंत मूळ पगाराइतकाच भत्ता वर, मृत्यूची भरपाई दुप्पट, आणि जायचं नसेल तर नाही म्हणायचा हक्क. हक्क कागदावर पक्का आहे. पण नाही म्हटलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का, हे कागद सांगत नाही. एका कोकणातल्या पोराने मला विचारलं, सही करू का? मी त्याला करार वाचून दाखवला, हक्क समजावला, आणि गप्प बसलो. त्याने सही केली. बहिणीचं लग्न होतं. बाबा, हे तुमच्या अहवालात कुठल्या रकान्यात जाईल?

आता आंटीचं. आमच्या खालच्या मजल्यावरची, आई, तू तिला भेटलीयेस, तिने तुला सोलकढीत नारळ कमी पडला म्हणून ऐकवलं होतं तीच. तिचा धाकटा बल्क कॅरियरवर सेकंड ऑफिसर आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांसारखं हेही बोटीच्या पगारावर उभं राहिलेलं घर: नवरा तारवटी, थोरला क्रूझवर, धाकटा मालबोटीवर. फरक इतकाच की नवऱ्याच्या वेळेला दोन-दोन महिन्यांनी पत्र यायचं आणि ती निवांत झोपायची. आता मोबाइलवर नकाशा आहे. जगातली प्रत्येक बोट त्यावर छोट्या रंगीत बाणासारखी दिसते. धाकट्याने तिला ते ॲप घालून दिलं आणि तिची झोप गेली.

पावसाळ्यात एका रात्री तो बाण एडनपाशी नाहीसा झाला. ही खाली गेली, मागोमाग मी. आंटीने मोबाइल चार्जरला लावून आल्तारावर सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या मूर्तीच्या, पायाशी टेकवून ठेवला होता. एका हातात रोझरी. दर दहा मण्यांनी दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवर वरून खाली ओढायची. नकाशा गोल गोल फिरायचा आणि परत तसाच, रिकामं निळं पाणी. मी तिला सांगितलं की त्या पट्ट्यात शिरताना कप्तान बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र (एआयएस) मुद्दाम बंद करतात, म्हणजे चोराला दिसू नये म्हणून घरातला दिवा मालवतात तसं. कितीतरी बोटी तर तिथून जाताना आपल्या माहितीत 'सगळे खलाशी चिनी आहेत' असं लिहून ठेवतात, म्हणजे हल्ला होऊ नये. तिने मान हलवली. प्रार्थना तिची तिला येते, त्यासाठी मिरजेच्या प्रॉटेस्टंट पाळकाची तिला गरज नव्हती. पण दिवा मालवणं ही गोष्ट तिला धरायला मिळाली. पुढचे दोन दिवस ही रात्री तिच्याकडेच झोपली. मग जेद्दाहच्या आसपास बाण उगवला. आंटीने जिन्यातूनच आरोळी ठोकली, "पावलो गो!" आणि पोराचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय, तर त्याने पाठवलेल्या फोटोत केस किती वाढलेत.

तो या नाताळला घरी होता. केस कापून.

बाबा, तुम्हाला न आवडणारी गोष्ट आता सांगतो. नोव्हेंबरअखेर मी आठ फिलिपिनो खलाशांना घेऊन जुन्या गोव्याला गेलो होतो. दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनासाठी ठेवतात, यंदा 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत आहे, बॉम जेझू चर्चमधून से कॅथेड्रलमध्ये आणून. पोरांना शोअर पास, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची परवानगी, मिळाला होता आणि त्यांना दुसरं काहीच बघायचं नव्हतं. आपण कधीपासून अवशेषांच्या रांगेत उभे राहायला लागलो, असं तुम्ही म्हणणार. मी रांगेत त्यांच्या पिशव्या धरून उभा होतो. त्या वेळात मनात आलं ते असं, की हा माणूसही बोटीवरचाच. 7 एप्रिल 1541 ला लिस्बनहून निघाला, मोझांबिकला अडकून पडला, गोव्यात पोचला 6 मे 1542 ला. आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर वारला, आत नेणारी बोट येईल म्हणून वाट बघत.

त्याच माणसाने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पाठवा म्हटलं होतं, हेही मी विसरत नाही. ते त्याच्यामागे 1560 मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत टिकलं. जुन्या गोव्याला जाताना आपण कुठ्ठाळीला झुआरीचा पूल ओलांडतो ना, तिथलाच मंगेश देव लोकांनी नदीपलीकडे प्रियोळला हलवला. आमच्या घरमालकांचं ते कुलदैवत. मी राहायला आलो तेव्हा ते हसत म्हणाले होते, "आमच्या देवाला बिऱ्हाड बदलायला लावलं ते तुमच्याच लोकांनी हां." ते आमचे नव्हेत, ते कॅथलिक, हे तुमचं ठरलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी दिलं नाही. आताही देत नाही. ज्याच्या घरची पालखी रात्री होडीत घालावी लागली त्याला आपल्या पंथांच्या वंशावळीशी काय करायचंय?

ऑक्टोबरात सायबाच्या, म्हणजे झेवियरच्याच, शवाची डीएनए चाचणी करा असं कुणी बोललं आणि इथलं वातावरण एकदम तापलं. मडगावात लोक रस्त्यावर बसले, वाहनं अडली. घरमालक वर येऊन म्हणाले, पास्टर, दोन दिवस कॉलर घालून फिरू नका, दोन्ही बाजूंना डोकी भडकलेली आहेत. मला त्यांचा राग आला नाही, काळजी दिसली. आणि जुन्या गोव्याला जायला आम्ही जी व्हॅन नेली ती त्यांचीच. भाडं घेतलं नाही, डिझेल भरून द्या म्हणाले. आपल्या लोकांना मोठमोठ्या सलोखा-परिषदा भरवायची हौस आहे, मला त्यांचा कंटाळा येतो. व्हॅनची किल्ली मिळाली, माझं काम झालं.

आई, टोप्या. नाताळच्या आदल्या आठवड्यात एक बोट लागली होती, तिचा चीफ इंजिनियर रशियन आणि दोन ऑफिसर युक्रेनचे. 2022 पासून त्यांच्यात ड्यूटीपलीकडे बोलणं नाही असं कुकने मला आधीच कानात सांगितलं. फिलिपिनो पोरांनी जुने समुद्री नकाशे कापून मेसमध्ये त्यांचा चांदणीचा कंदील टांगला होता, काड्यांच्या जागी वेल्डिंग रॉड. मी तुझ्या टोप्यांची पिशवी टेबलावर ओतली. चीफने सरळ गुलाबी उचलली, तीच ती, तू म्हणालीस कुणी घालणार नाही. युक्रेनचा एक जण ते बघून हसला. चीफही हसला. इतकंच झालं, यापलीकडे मी काही जोडणार नाही. ते लगेच गळ्यात पडले असं मंडळीत सांगायचा मोह झाला होता, हिने डोळे वटारले.

आपली मंडळी तशीच, तीसेक डोकी. नेव्हीतले, रेल्वेतले, बंदरातले, कोल्हापूर-नगर-सोलापूरचे. दर दोन वर्षांनी बदल्या होतात आणि पेटीवाला निघून जातो. यंदा एका कुटुंबाचा कर्ता नाताळला समुद्रावर होता, कुठे ते घरच्यांनाही ठाऊक नाही. पोरांच्या नाटकात आमचा धाकटा मेंढपाळ होता. त्याने विचारलं, बेथलेहेममध्ये आत्ता काय चाललंय? सांगितलं, सलग दुसऱ्या वर्षी तिथे रोषणाई नाही, झाड नाही, गाझात युद्ध आहे. लेबनॉनमध्ये 27 नोव्हेंबरपासून युद्धविराम आहे, सीरियात 8 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष असद पळाला आणि पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. तो म्हणाला, मग आंटीच्या दादाच्या बोटीला आता भीती नाही का? मी म्हटलं, आहे. पोरांना खोटं सांगत नाही. उद्या वॉचनाईटला, वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला, 'गॅलेक्सी लीडर'च्या माणसांसाठी प्रार्थना तोच करणार आहे, त्याने वहीत लिहून काढलीय.

सांगलीच्या जागेला चांगला पाळक मिळेल, रांग आहे. या शिडीवर चढायला रांग नाही. आणखी तीन वर्षं मला इथे द्या, मग पुन्हा बोलू.

आता तुमचं. बाबांचा मोतीबिंदू आणखी पुढे ढकलायचा नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ही येते, ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आणि नंतर थेंब नीट सुरू होईपर्यंत राहते. आई, तू नर्स होतीस हे मान्य, पण तुझाही हात आता थरथरतो, थेंब हीच घालेल. फेब्रुवारीत डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की दोघं इकडे या, होळीपर्यंत राहा. गोवा एक्सप्रेसची खालची बर्थं काढतो. दूधसागर अंधारात जातो ही बाबांची तक्रार मला पाठ आहे, त्याला माझा इलाज नाही. इथे आल्यावर बाबांना एकदा बोटीवर नेईन. शिडी उभी असते, पण बंदरातली पोरं म्हाताऱ्यांना बरोबर वर घेतात.

मनमोहन सिंग गेल्याचं तुम्हाला फार लागलं असेल. तुमचं कात्रण असेलच, येताना आणा.

आई, लोकर गडद रंगाची घे, ग्रीस लागतं. एखादी गुलाबी चालेल.

तुमचा,
धाकटा